‘महाराज एवढे जाड होते का?’ : एका सोसायटीत ‘संत तुकाराम’ दोनदा पाहिला गेला त्याची हकिगत

गेल्या पौषात, त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरायच्या आधीच्या रविवारी, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला. हौस ज्येष्ठ मंडळींची, काम माझं. सिडकोत माझी बरीच वर्षं व्हिडिओ लायब्ररी होती. आधी कॅसेट, मग व्हीसीडी. दुकान बंद झालं, पण ते यंत्रसामान अजून घरात आहे आणि लोकांच्या लग्ना-मुंजीच्या जुन्या कॅसेट मी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. त्यामुळे सोसायटीत काहीही लावायचं असलं की वायर घेऊन मीच हजर.

सिनेमा संपल्यावर प्रत्येकाला वहीचं अर्धं पान द्यायचं, त्यावर जे वाटलं ते लिहायचं, नाव घालायचं नाही, असं आमच्या सेक्रेटरी वहिनींनी ठरवलं होतं. तीसेक माणसं होती. चहा झाल्यावर चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या, कारण पुढच्या वेळी काय लावायचं तेही मीच सांगायचं होतं. रात्री जेवणाच्या टेबलावर त्या वाचायला घेतल्या आणि पहिल्या चार-पाच चिठ्ठ्यांतच माझा जीव थोडा थोडा झाला.

‘महाराज एवढे जाड होते का? फोटोत तर सडपातळ दिसतात.’ ‘आवाज पातळ आहे, पोरसवदा वाटतो. एवढं नाव ऐकलं होतं, निराशा झाली.’ ‘सगळे घाईत चालतात, घाईत बोलतात.’ ‘मधले सीन कापलेत. पाच मिनिटं तरी गायब आहेत, मी घड्याळ लावून बसलो होतो.’ ‘नदीत पोथ्या बुडवतात तिथं पाणी दिसतच नाही, नुसत्या चौकटी.’ ‘गाणी जुन्या वळणाची, तल्लीन होता येत नाही.’ आणि एका चिठ्ठीवर एवढंच: ‘रंगीत का नाही?’

हा सिनेमा १९३६ चा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळे यांचं. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस अभंग स्वतः गायले आहेत. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्ये तो वर्षभराहून जास्त चालला. एवढी वर्षं ज्या आवाजानं माणसं डोळे पुसत आली, तो आवाज आमच्या हॉलमधल्या माणसांना पोरसवदा वाटला. त्यांचे कान खोटे नव्हते. म्हणूनच मला झोप लागेना.

चिठ्ठ्यांचे दोन ढीग करायला घेतले. एक सिनेमाबद्दलच्या मतांचा, दुसरा आमच्या डिस्कबद्दलच्या, म्हणजे ज्या व्हीसीडीवरून सिनेमा लावला तिच्याबद्दलच्या मतांचा. लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनं सगळीच मतं सिनेमाबद्दल होती. कुणीही ‘डिस्क वाईट आहे’ असं लिहिलं नव्हतं. प्रत्येकानं दोष दिला तो महाराजांना, भोळ्यांना, दामले-फत्तेलालांना. दुसरा ढीग मात्र पहिल्यापेक्षा मोठा झाला. काही चिठ्ठ्या कुठल्या ढिगात टाकाव्यात तेच कळेना. ‘तल्लीन होता येत नाही’ हा दोष कुणाच्या पदरात घालायचा?

डिस्क नेमकी काय करत होती

जाडीचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं होतं आणि सगळ्यात लाजिरवाणंही. चूक माझी होती. त्या काळचा सिनेमा जवळपास चौकोनी चौकटीत घेतलेला असतो, रुंदी चार तर उंची तीन. आमच्या हॉलमधला टीव्ही सोळास नऊचा. रिमोटवर ‘पिक्चर साइझ’चं बटण असतं, ते आधीच्या कुणीतरी ‘फुल’वर ठेवलेलं आणि मी पाहिलंच नाही. टीव्हीनं चित्र आडवं ताणून पडदा भरला. हिशोब केला तर प्रत्येक गोष्ट एकतृतीयांशानं रुंद होते. पागनिसांचा चेहरा, तुकोबांच्या बायकोची, जिजाईची म्हैस, देवळाचे खांब, सगळंच. चांगला शेलाटा माणूस ठेंगणा, गुबगुबीत दिसतो, आणि ध्यानस्थ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं ते कोवळेपण जाऊन एक प्रकारचं सुस्तपण येतं. आज नाशिकमधल्या निम्म्या घरांत जुने कृष्णधवल सिनेमे असेच ताणून पाहिले जात असतील, असं मला कामासाठी घरोघरी फिरताना वाटतं. टीव्ही मोठा घेतला की तो भरलेला दिसला पाहिजे, ही भावना मी समजू शकतो. पण माणूस पडद्यावर कसा दिसतो याची किंमत त्यापायी मोजावी लागते.

पाण्याच्या चौकटींचं कारण व्हीसीडीत आहे. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. आजचा साधा टीव्ही १९२० गुणिले १०८० चा. एवढंसं चित्र एवढ्या पडद्यावर पसरतं, वर ते दाबून दाबून भरलेलं. स्थिर भिंत, स्थिर चेहरा बरा दिसतो, पण पाणी, धूर, झाडाची पानं, माणसांची गर्दी, म्हणजे जिथं प्रत्येक क्षणी सगळं हलतं, तिथं डिस्क हात टेकते आणि चौकोनी ठिगळं लावते. या सिनेमात इंद्रायणी आहे, दिंड्या आहेत, कीर्तनाला जमलेला गाव आहे. नेमका जिथं जीव आहे तिथंच ठिगळं.

घाईचा, पातळ आवाजाचा आणि पाच मिनिटांचा गुंता मात्र वेगळा. त्या तीन तक्रारी तीन माणसांच्या होत्या आणि आजार एकच होता.

तो उलगडला पेटीवाल्या आजोबांमुळे. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. पंचवटीतल्या भजनी मंडळात त्यांनी हयात पेटी वाजवली. आवाज पोरसवदा म्हणणारी चिठ्ठी त्यांचीच होती, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः सांगितलं. ‘अहो, मी हे अभंग रेडिओवर ऐकत मोठा झालो. हा सूर तो नाही. चढलाय.’ त्यांच्या नातवानं पेटी खाली हॉलमध्ये आणून दिली. मी डिस्क लावली, ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ सुरू झालं, आजोबांनी भाता धरला. एक पट्टी धरली की पागनीस वर राहत, पुढची धरली की खाली येत. आजोबा दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले, जणू तिथं आणखी एक पट्टी असायला हवी होती.

मग मला दुकानातली जुनी गोष्ट आठवली. फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत, पॅल, सेकंदाला २५ ची. फिल्म टीव्हीसाठी उतरवताना सोपा रस्ता असा की ती तशीच २५ नं पळवायची. डोळ्याला फारसं कळत नाही, पण तासामागे २ मिनिटं २४ सेकंद वाचतात. १३१ मिनिटांचा सिनेमा १२६ मिनिटांच्या आत संपतो. सिनेमा दोन डिस्कवर होता, मी दोन्हींच्या लांबीचे आकडे मिळवून पाहिले. तेवढेच भरले. एकही सीन कापलेला नव्हता. पाच मिनिटं कात्रीनं गेली नव्हती, ती अख्ख्या सिनेमाभर चिमूट चिमूट करून गेली होती. आणि आवाजही त्याच वेगानं पळत असल्यामुळे सूर चढला होता. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं जे अंतर, त्याच्या साधारण सात दशांशानं. आजोबांचं बोट जिथं अडलं होतं, तिथंच.

साध्या सिनेमात हे चालून जातं. मारामारी चार टक्के जलद झाली तर कुणाचं काय बिघडतं? पण गाण्याच्या सिनेमात, त्यातही अभंगाच्या, लय आणि सूर हाच ऐवज असतो. या सिनेमाच्या सुरुवातीलाच तुकाराम आणि त्यांचा द्वेष करणारा सालोमालो एकच अभंग गातात. तुकाराम डोळे मिटून, सावकाश, एकेका शब्दावर टेकत. सालोमालो तोच अभंग आपल्या नावावर खपवत, हातवारे करत, नाटकी ताना घेत. दोघांतला फरक कुणी बोलून सांगत नाही, तो चालीतून आणि लयीतून कळतो. तुकाराम चार टक्के पळवला की त्याचं टेकणं कमी होतं आणि तो तेवढा सालोमालोकडे सरकतो. केशवराव भोळ्यांनी जो तोल साधला होता, त्यावरच घाव बसतो.

यात आणखी एक भर. व्हीसीडीच्या एका डिस्कवर फार तर ऐंशी मिनिटं मावतात, म्हणून सिनेमा दोन डिस्कवर. आमची पहिली डिस्क ऐन अभंगात संपली. मी उठलो, ट्रे उघडला, दुसरी घातली, कंपनीची जाहिरात आली आणि मग अभंगाचा उरलेला अर्धा भाग. ‘तल्लीन होता येत नाही’ ही चिठ्ठी मी शेवटी दुसऱ्या ढिगात टाकली.

एवढ्या वाईट प्रती बाजारात येतात कुठून, असं वहिनींनी विचारलं. त्याला दोन कारणं आहेत. आपल्याकडे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. १९३६ च्या सिनेमाचा तो १९९६ अखेर संपला. त्यानंतर हाताशी जी फीत असेल तिच्यावरून कुणीही डिस्क काढावी. आमची डिस्क मी रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून घेतली होती, तिच्यावर कुठल्या फितीवरून उतरवली याचा एक शब्द नाही. दुसरं कारण जास्त दुःखाचं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्याही फिती जळाल्या. म्हणजे आपण घरी जे पाहतो ते नकलेची नक्कल असतं. ती नक्कलही आपण ताणून, पळवून पाहतो.

दुसरा रविवार

यात्रेनंतरच्या रविवारी पुन्हा लावायचं ठरलं. मधल्या दिवसांत मी दोन्ही डिस्क संगणकावर उतरवून एकसंध केल्या, चित्राचा वेग २४ वर आणला, सूर त्याबरोबर आपोआप उतरला. एकूण लांबी १३१ मिनिटांवर आली. चित्र चारास तीनचं ठेवलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. ठिगळांचं काही करता आलं नाही. जे डिस्कवर नाहीच ते कुठून आणणार?

एक गोष्ट करून पुन्हा मागे घेतली, ती सांगायला हवी. सिनेमाभर पावसासारखी खरखर आहे. ती काढणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, लग्नाच्या कॅसेटवर मी ते रोज वापरतो. एका अभंगावर चालवलं. खरखर गेली, माझ्या मते छान झालं होतं. आजोबांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘टाळ कुठे गेले?’ खरंच, टाळ गेले होते. टाळांची झणझण आणि फितीची खरखर दोन्ही वरच्या सुरांत राहतात, यंत्राला ती एकच वाटतात. पागनिसांच्या शब्दाआधीचा श्वासही गेला होता. मी सगळं पूर्ववत केलं. खरखरीसकट लावलं.

पेटी पुन्हा आणली होती. मी खोटं सांगणार नाही, उतरवलेला सूरही पट्टीवर तंतोतंत बसला नाही. पण आजोबांचं बोट आता पट्टीच्या मध्ये नव्हतं, पट्टीवर होतं. ‘हा, आता ओळखीचा माणूस आला,’ एवढंच ते म्हणाले.

पहिल्यांदा भांडण झालं काळ्या पट्ट्यांवरून. एका काकांना ते अजिबात पटलं नाही. एवढा मोठा टीव्ही वर्गणीतून घेतला तो अर्धा रिकामा ठेवायला का, असं त्यांचं म्हणणं. मी एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी लावून दाखवला, जिजाईचा. मुलगा आजारी पडतो, नवरा विठ्ठलाचं नाव घेत बसलेला, आणि ती चप्पल घेऊन देवळात देवाच्याच अंगावर धावते. ताणलेल्या चित्रात ती एक दांडगी, भांडकुदळ बाई दिसते. मूळ चौकटीत ती काटक दिसते, दमलेली, अर्धपोटी. काकांनी दोन्ही पाहिलं आणि खुर्ची सरकवून बसले. पट्ट्या राहिल्या. पुढे चिठ्ठीत त्यांनी त्यांची तक्रार कायम ठेवली, तो त्यांचा हक्क.

या खेपेच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. जाडी, घाई, कापलेले सीन, यातलं एकही अक्षर नाही. आवाजाबद्दल तक्रार नाही. आता माणसं ज्याबद्दल बोलत होती तो सिनेमा होता. आणि लगेच मतभेद वाढले, कमी झाले नाहीत.

शेवटच्या विमानावरून जुंपली. वैकुंठाला जायचं गरुडाचं विमान आजच्या पोरांना पुठ्ठ्याचं वाटलं, आणि तसं ते दिसतंही. एका कॉलेजातल्या मुलीनं लिहिलं होतं की एवढ्या खऱ्या सिनेमाला हा खोटा शेवट का. त्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, त्र्यंबकचे दादासाहेब फाळके यांनी आपल्याला सिनेमा दाखवला तो देवांच्या चमत्कारांचाच, लोक तेच बघायला येत. मुलीला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण मला त्या विमानापेक्षा मागे राहिलेली जिजाई महत्त्वाची वाटते. महाराज बोलावतात, ती जात नाही. तिची पोरं आहेत, घर आहे. पहिल्या वेळी या प्रसंगावर एकही चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या वेळी बायकांच्या बहुतेक चिठ्ठ्या त्याच्यावरच होत्या, आणि सगळ्या एका सुरात नव्हत्या. एकीनं लिहिलं, ‘तिला न्यायलाच हवं होतं.’ दुसरीनं, ‘ती गेली नाही म्हणून तर सिनेमा खरा.’ तिसरीनं दामले-फत्तेलालांवर रागच काढला, की बाईला सगळा सिनेमाभर कजाग दाखवायचं आणि शेवटी एका क्षणात मोठं करायचं.

आमच्या सोसायटीतल्या एक मावशी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरपर्यंत अनेकदा चालल्या आहेत. त्या पहिल्या खेळाला गप्प होत्या. दुसऱ्या खेळाला ‘आधी बीज एकले’ लागलं तेव्हा सगळा हॉल गुणगुणायला लागला. ते संपल्यावर मावशी मला म्हणाल्या, ‘दादा, हा अभंग गाथेत नाही रे. मी पारायणं केलीत, मला कधी सापडला नाही.’ त्यांचं खरं आहे. तो अभंग सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला. हॉलमधल्या पुष्कळांना हे माहीत नव्हतं आणि दोघा-तिघांना ते चक्क फसवणूक वाटलं. सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर लावतो म्हणून आपण त्याला दोष देतो, आणि सिनेमावाले आपला अभंग तुकोबांच्या नावावर लावतात ते चालतं? हा प्रश्न शिक्षकांनी काढला. अर्धा तास त्यावर बोलणं चाललं. मावशींना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. ‘शब्द चांगले आहेत, चाल अभंगाची आहे, म्हणतेय मी भजनात गेली वीस वर्षं. आता काय सोडून देऊ?’

आपली पहिली चिठ्ठी बदलायला मिळेल का, असं दोघांनी विचारलं. मी त्यांना नवीन कागद दिले, पण जुन्या चिठ्ठ्याही ठेवल्या. ‘गाणी जुन्या वळणाची’ म्हणणाऱ्यानं मात्र मत बदललं नाही. सावकाश झाल्यावर त्याला गाणी आणखीच लांबलेली वाटली. हे मत मी आता बिनधास्त पहिल्या ढिगात ठेवलं आहे. ते सिनेमाबद्दलचं आहे, आणि त्यानं नीट ऐकून दिलेलं आहे.

आजोबांच्या पुण्याच्या पुतण्याकडे याच सिनेमाची डीव्हीडी आहे. तिच्यावर ७२० गुणिले ५७६ चं चित्र असेल, म्हणजे पाणी बरं दिसायला हवं. ती चैत्रात येणार आहे. आल्यावर आधी घड्याळ लावून लांबी मोजायची, मग रिमोटचं बटण बघायचं, आणि आजोबांना पेटी घेऊन पहिल्या अभंगाला बसवायचं, एवढं आम्ही ठरवून ठेवलं आहे. चिठ्ठ्यांच्या कोऱ्या कागदांवर वहिनींनी आतापासूनच वरच्या कोपऱ्यात एक ओळ छापून घेतली आहे: ‘कोणती प्रत पाहिली?’